करार: जुना आणि नवा

बायबलच्या दोन भागांना मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात. ख्रिस्ती धर्माविषयी कुतूहल असलेला वाचक पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. करार म्हटला की भाडेकरू आणि घरमालक आठवतात. मुद्रांक, अटी, साक्षीदार आठवतात. धर्मग्रंथाला असे कचेरीतले नाव कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचा माग काढत गेले की ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या गाभ्याशी पोचता येते.

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. शपथेने बांधलेले नाते म्हणजे बरीथ. मग ते राजा आणि मांडलिकाचे असो, दोन टोळ्यांचे असो की दोन मित्रांचे. हिब्रूत बरीथ ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. त्यामागचा विधी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात दिसतो. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राम जनावरे मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. वचन मोडणाऱ्याची गत या जनावरांसारखी होवो, असा त्या विधीचा अर्थ. अंधार पडल्यावर देवाच्या उपस्थितीची खूण असलेली धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम मात्र त्यांमधून चालत नाही. म्हणजे वचनाचा भार देव एकटा स्वतःवर घेतो, असे भाष्यकार सांगत आले आहेत.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्रे ग्रीकमध्ये उतरू लागली. बरोबरीच्या दोन पक्षांनी घासाघीस करून केलेल्या समझोत्यासाठी ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ हा शब्द तयार होता. अनुवादकांनी तो बाजूला ठेवून ‘दियाथेके’ घेतला. दियाथेके म्हणजे एकाने स्वतःच्या अधिकारात लावलेली व्यवस्था. रोजच्या व्यवहारात तिचा अर्थ मृत्युपत्र. देव आणि माणूस समोरासमोर बसून अटी ठरवत नाहीत, देणारा एकच आहे, हा सिद्धान्त त्या निवडीतच आला. लॅटिनमध्ये याचेच ‘टेस्टामेंटुम’ झाले आणि त्यावरून ‘टेस्टामेंट’. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात तर एक युक्तिवाद दियाथेकेच्या या दुहेरी अर्थावर उभा आहे: मृत्युपत्र अंमलात येते ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर, म्हणून ख्रिस्ताचे मरण आवश्यक होते. तिथे मराठीत ‘करार’ हा एकच शब्द पुरत नाही. ‘मृत्युपत्र’ हा शब्दही हाताशी घ्यावा लागतो.

आपल्याकडे या भागांना पहिल्यापासून करार म्हणत नव्हते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. मराठी ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत, ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. कीर्तन-पुराण ऐकत वाढलेल्या श्रोत्यांसाठी स्टीफन्स यांनी कथेचे अंग पुढे आणले. ‘करार’ या शब्दाने बांधिलकीचे अंग पुढे आणले. कथा तीच, पण एका नावाने ऐकणारा श्रोता होतो आणि दुसऱ्या नावाने बांधलेला पक्षकार.

‘करार’ मराठीत आला अरबीतून, फारसीच्या वाटेने. मुळात त्याचा अर्थ स्थिरता, ठाम राहणे. ‘करारी माणूस’ म्हणतो तेव्हा आपण तोच अर्थ वापरतो, आणि अस्वस्थ माणूस ‘बेकरार’ असतो. या मुळाशी गेले की कचेरीचा वास ओसरतो आणि बरीथच्या बरेच जवळ जाणारे काही हाती लागते: बदलणार नाही असा शब्द.

आता ‘नवा’. हे विशेषण ख्रिस्ती लेखकांनी शोधलेले नाही. ते यिर्मया संदेष्ट्याचे आहे, आणि तो यहुदी परंपरेतला. लोकांनी पहिला करार मोडला म्हणून देव नवा करार करील, आपले नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर लिहील, असे त्याच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात आहे. लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू प्याला हाती घेऊन हाच शब्दप्रयोग करतो. ‘जुना करार’ हे शब्द प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात भेटतात. यहुदी लोक अर्थातच आपल्या शास्त्राला जुने म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी ते ‘तनाख’ आहे. हे भान ठेवूनच ‘जुना’ हा शब्द वापरावा. जुना म्हणजे रद्द झालेला की पूर्णत्वाला गेलेला, यावर ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात दुसऱ्या शतकापासून वाद आहे. मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करार टाकूनच द्यायला सांगितले. चर्चने ते नाकारले आणि दोन्ही भाग एका बांधणीत ठेवले.

म्हणून बायबल हाती घेणाऱ्या नव्या वाचकाला माझे सांगणे आहे की, करार या शब्दाला बिचकू नका. कराराला विचारतात तेच प्रश्न विचारा. पक्षकार कोण? वचन कोणी दिले? मोडले कोणी? मोडल्यावर भरपाई कोणी केली? ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे हेच प्रश्न सोडवत असतात, आणि ते विचारायला मराठी वाचकाला त्याच्या रोजच्या भाषेतला शब्द पुरेसा आहे.