गॅलेनची 1525 ची व्हेनिस आवृत्ती

व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसने स्थापन केलेल्या छापखान्यातून 1525 मध्ये गॅलेनचा ग्रीक ग्रंथसंग्रह पाच खंडांत बाहेर पडला, आणि सम्राट मार्कुस औरेलिउसच्या या वैद्याचे शंभराहून अधिक प्रबंध मूळ भाषेत प्रथमच एकत्र छापले गेले. त्याआधी पश्चिम युरोपातील विद्यापीठे गॅलेन वाचत होती ती लॅटिन भाषांतरांतून, आणि त्यांपैकी पुष्कळ भाषांतरे ग्रीकमधून अरबीत व अरबीतून लॅटिनमध्ये अशी फिरून आलेली होती. फेरारा येथील निकोलो लेओनिचेनोसारख्या विद्वानांनी ग्रीक पोथ्या जमवण्याचा ध्यास घेतला तो याच कारणाने, कारण औषधी वनस्पतीच्या नावातील चूक रोग्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आल्दुस 1515 मध्येच निवर्तला होता, त्यामुळे हे काम त्याचे सासरे आंद्रेआ तोर्रेसानी यांच्या कारकिर्दीत पार पडले. पाव्हियाचा वैद्य ओपित्सोनी मुख्य संपादक होता. त्याच्या हाताखाली जॉन क्लेमेंट व थॉमस लुप्सेट हे इंग्रज तरुण आणि पुढे खाणविद्येवरील ग्रंथामुळे कीर्ती पावलेला जर्मन गेऑर्ग आग्रिकोला राबत होते. छपाईसाठी वापरलेल्या काही पोथ्या आजही उपलब्ध असून, संपादकांनी समासात केलेल्या दुरुस्त्या आणि छापील पान कोठे सुरू होते हे दाखवणाऱ्या जुळाऱ्यांच्या खुणा त्यांत दिसतात. पोथीच थेट खिळे जुळवणाऱ्यापुढे ठेवली जाई, त्यामुळे पाठचिकित्सा, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून मूळ शब्द ठरवण्याचे काम, बरेचदा घाईने उरकले गेले. एरास्मसने याच आवृत्तीवरून गॅलेनचे तीन छोटे निबंध 1526 मध्ये लॅटिनमध्ये आणले, तेव्हा तिच्यातील अशुद्धांबद्दल त्याने तीव्र नाराजी व्यक्त केली. ही तक्रार रास्त होती. तरीही या संपादकांचे ऋण मोठे आहे, कारण विखुरलेल्या पोथ्यांत अडकलेला मजकूर त्यांनी अभ्यासकांच्या हाती दिला.

त्याचा परिणाम मात्र त्यांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. गॅलेनचे शुद्ध रूप हाती आले की वैद्यक निर्दोष होईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. परंतु मजकूर जसजसा स्वच्छ झाला तसतसे चुकीचे खापर भाषांतरकारांवर फोडणे कठीण होत गेले. गॅलेनच्या लॅटिन आवृत्तीच्या संपादनात स्वतः सहभागी झालेल्या व्हेसालिउसने 1543 मध्ये दाखवून दिले की, माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो यासारखी गॅलेनची विधाने मानवी शरीराशी जुळत नाहीत आणि त्याचे शरीरज्ञान प्रामुख्याने माकडांसारख्या प्राण्यांच्या विच्छेदनावर उभे आहे. असे उघडपणे म्हणणे सोपे नव्हते. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात गार्सिया द ओर्ता यानेही, आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेन व ग्रीकांविरुद्ध बोलण्यास धजलो नसतो, अशा अर्थाची कबुली दिली आहे.

बाझेल येथे 1538 मध्ये सुधारित ग्रीक आवृत्ती निघाली, तरी तिचा पाया व्हेनिसचाच राहिला. लाइपझिग येथे 1821 ते 1833 या काळात क्यूनने काढलेल्या संग्रहाचा पाठही याच छापील परंपरेतून आला असून, ज्या प्रबंधांची चिकित्सक आवृत्ती अद्याप झालेली नाही ते आजही त्याच संग्रहातून वाचावे लागतात.