तळघरातील भुतांची कुळकथा

हॅलोवीनच्या रात्री, म्हणजे 31 ऑक्टोबरला, अमेरिकेतील एखादा गृहस्थ आपले तळघर काळ्या कापडाने आच्छादून शेजारपाजारच्या मुलांसाठी जो भूतबंगला उभारतो, त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती दोन निराळ्या घराण्यांत जाऊन पोचते : एक घराणे रंगभूमीचे, तर दुसरे निव्वळ टंचाईचे.

रंगभूमीच्या घराण्यातील सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे लिएज नगरीत जन्मलेला एत्येन-गास्पार रोबेर, जो रॉबर्टसन या नावाने प्रसिद्धी पावला. फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदांच्या स्मृती अद्याप ताज्या असताना, 1799 साली, त्याने पॅरिसमधील एका ओसाड कापुचिन मठात आपले छायाप्रयोग मांडले. मठाच्या अंधाऱ्या वाटांतून चालत आलेला प्रेक्षक आसनस्थ होईतो अर्धा भ्यालेलाच असे. मग दिवे मालवत, काचवाद्याचे आर्त सूर उमटत, आणि समोरच्या पडद्यावर प्रकटलेली आकृती वाढत वाढत अंगावर धावून येई. युक्ती अशी, की काचेवरील चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणारा जादूचा कंदील पडद्यामागे चाकांवर बसवलेला असे. तो मागे ओढला की प्रतिमा मोठी होई, आणि काचेवरील चित्राभोवतीची सारी जागा काळी रंगवलेली असल्यामुळे ती निराधार, अंतराळात तरंगणारी भासे. 1892 मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून ज्या कंदिलांतून पुराणकथा सजीव केल्या, ते याच जातीचे. एकाच यंत्राने तिकडे प्रेते उठवावीत आणि इकडे देवदर्शन घडवावे, याचे मला आजही नवल वाटते.

रंगभूमीच्या याच घराण्यात पुढे 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपरने, हेन्री डर्क्सची कल्पना सुधारून, रंगमंचावर एक भली मोठी काच तिरकी उभी केली. तिच्यात खाली दडलेल्या, प्रखर उजेडातील नटाचे प्रतिबिंब पडून जिवंत पात्रांमध्ये पिशाच वावरू लागले. 1969 साली उघडलेल्या डिस्नेलँडच्या भूतवाड्यात नृत्य करणारी भुते त्याच काचेची प्रजा होत.

परंतु घरगुती भूतबंगल्याचे खरे पूर्वज मला दुसऱ्या घराण्यात दिसतात. अमेरिकेत हॅलोवीनची रात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या खोड्यांची होती. महामंदीच्या काळात त्या खोड्यांचा दंगा झाला, आणि 1933 साली तर मोटारी उलथण्यापर्यंत मजल गेल्याने अनेक शहरांत मालमत्तेची मोठी नासधूस झाली. काही ठिकाणी सणच बंद करावा अशी भाषा निघाली. तेव्हा पालकांनी आणि नागरिक मंडळांनी जो बंदोबस्त योजला तो शिपायांचा नव्हता : पोरांना भयच हवे आहे ना, मग ते आपणच पुरवू, असे ठरवून गल्लीतील घरांनी आपापली तळघरे उघडली आणि पोरांची टोळी एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याची चाल पाडली. पदरी पैसा नव्हता, कंदील-काचा कुठून आणणार? म्हणून डोळ्यांऐवजी त्वचेला भिववण्याची तजवीज झाली. भिंतींवर जुन्या केसाळ कातड्याचे तुकडे आणि कच्च्या काळजाच्या पट्ट्या टांगल्या, छताला ओले स्पंज व केसांच्या जाळ्या लोंबत ठेवल्या, कोपऱ्यांतून कण्हण्याचे आवाज काढले. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला जे लागते त्याचे रूप मन स्वतः रचते, आणि मनाइतका निर्दय चित्रकार दुसरा नाही. माझ्या मते रॉबर्टसनच्या सगळ्या यंत्रांहून हा शोध मोठा होता, आणि तो कोणा एकाच्या नावावर नाही.

पुढे 1970 नंतर जेसीज या तरुणांच्या सेवाभावी मंडळांनी लोकोपयोगी कार्याला निधी मिळावा म्हणून गावोगावी असे बंगले मांडले. मग 11 मे 1984 रोजी न्यू जर्सीतील एका करमणूक उद्यानाच्या भूतमहालाला आग लागली. अंधाऱ्या, वळणावळणांच्या वाटेत आठ तरुण जीव अडकून गेले. आगीवर आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था तेथे नव्हती. त्यानंतर अशा वास्तूंचे नियम कडक झाले : कापड सहज पेट न घेणारे असावे, आणि धोक्याचा इशारा होताच भुतांचे आवाज थांबून दिवे लागावेत. म्हणून घरच्या तळघरातही कण्हणाऱ्या भुतांच्या बरोबरीने एक जाणते माणूस दिव्याच्या बटणापाशी उभे करावे, आणि शेवटचे पोर जिना चढून वर येईपर्यंत त्याने बटणावरचा हात काढायचा नसतो.