स्थपती, सुतार आणि क्यूएस

बांधकाम सुरू असलेल्या कुठल्याही प्लॉटबाहेरचा फलक वाचा. प्रकल्पाचं नाव, महारेराचा क्रमांक, बिल्डरचं नाव, मग ‘आर्किटेक्ट’, मग ‘आरसीसी कन्सल्टंट’. फलक मराठीत असेल तर आर्किटेक्टच्या जागी ‘वास्तुविशारद’ हा भारदस्त शब्द. पण ज्याने त्या इमारतीतल्या सळईचा, सिमेंटचा, विटांचा आणि फरशीचा पैन्‌पैचा हिशेब मांडला, तो त्या फलकावर सहसा नसतो. साइटवर त्याला ‘क्यूएस’ म्हणतात, नाहीतर ‘बिलिंग इंजिनिअर’, नाहीतर सरळ ‘बिलिंगवाला’. ‘क्वांटिटी सर्व्हेअर’ एवढं लांबलचक कुणी बोलत नाही, आणि नुसतं ‘सर्व्हेअर’ म्हटलं तर बांधाच्या भांडणात जमीन मोजायला येणारा सरकारी माणूस आठवतो.

मोजणारा माणूस असा नाव हरवून का बसला, हा प्रश्न पडतो. कारण शब्दांचे जुने पापुद्रे सोलत गेलं की घर बांधण्याच्या धंद्यात दोरी धरणाऱ्याचा मान फार मोठा दिसतो.

आधी आर्किटेक्ट. ग्रीक ‘आर्खी’ म्हणजे मुख्य, ‘टेक्टॉन’ म्हणजे सुतार. आर्किटेक्ट म्हणजे सुतारांचा मुखिया. हा टेक्टॉन आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘तक्षन्’ त्याचाच भाऊबंद, आणि ‘तक्ष्’ या धातूतूनच आपलं ‘तासणं’ आलं. हेरोडोटसने ज्या युपालिनॉसला आर्खिटेक्टॉन म्हटलं, त्याचं गाजलेलं काम म्हणजे सामोस बेटावर डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत नेलेला, किलोमीटरभराहून लांब पाण्याचा बोगदा. आज त्याला आपण सिव्हिल इंजिनिअर म्हटलं असतं. त्या काळी ही कामं वाटली गेलेली नव्हती. जो कामाचा प्रमुख, तो आर्किटेक्ट.

आपल्या शिल्पग्रंथांत मात्र वाटणी आहे आणि ती बारकाईने केलेली आहे. ‘मयमत’, ‘मानसार’ यांसारखे ग्रंथ चार माणसं सांगतात: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. स्थपती हा सर्वांचा प्रमुख. तक्षक लाकूड-दगड तासणारा, वर्धकी तासलेले भाग जोडून काम वाढवणारा. या दोघांच्या वर आणि स्थपतीच्या लगेच खाली सूत्रग्राही, म्हणजे हातात सूत घेतलेला, मापं टाकणारा माणूस. ‘मयमता’नुसार तो स्थपतीचा मुलगा असतो किंवा शिष्य. थोडक्यात, गादीचा वारस. ज्याला पुढे सगळं काम पेलायचं आहे त्याने आधी मोजायला शिकावं, असा तो हिशेब दिसतो, आणि मला तो पटतो.

या माणसाची माझी सगळ्यात आवडती हकिकत महाभारताच्या आदिपर्वात आहे. जनमेजयाच्या सर्पसत्रासाठी यज्ञभूमी आखली जात होती. ती आखणाऱ्या माणसाला तिथे एकापाठोपाठ स्थपती, वास्तुविद्याविशारद आणि सूत्रधार असं म्हटलं आहे. आपल्या फलकावरचा ‘वास्तुविशारद’ इतका जुना! तर मापं घेऊन झाल्यावर या सूत्रधाराने सांगितलं, की ज्या जागी आणि ज्या वेळी हे मापन सुरू झालं ते पाहता हा यज्ञ पुरा होणार नाही, आणि त्याला एक ब्राह्मण कारण होईल. पुढे आस्तीक आला आणि यज्ञ थांबला. काम सुरू होण्याआधीच ‘हे तडीस जाणार नाही’ असं मालकाच्या तोंडावर सांगणारा हा माणूस. आजचा क्यूएसही अंदाजपत्रकाचा शेवटचा आकडा वाचून मालकाला तेच सांगत असतो, आणि जनमेजयासारखेच मालक तेव्हा ऐकत नाहीत.

‘सूत्रधार’ हा शब्द पुढे नाटकात गेला. काही अभ्यासक त्याचा उगम कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्यांत शोधतात. मला दुसरं मत जवळचं वाटतं: हा सूत्रधार मुळात बांधणाऱ्यांचा. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृह बांधण्याच्या प्रकरणात जमिनीवर सूत कसं धरायचं याचे काटेकोर नियम आहेत, आणि मोजताना दोरी तुटली तर कुणावर काय अरिष्ट येईल याची यादीही आहे. मधोमध तुटली तर स्वामीचा मृत्यू! तेव्हा रंगभूमी आखणाराच रंगभूमीवर उभा राहिला असं मानायला फारशी ओढाताण करावी लागत नाही.

सूत्रधाराचं दुसरं रूप मात्र वादातीत आहे. ‘सूत्रधार’ प्राकृतात घासून ‘सुत्तहार’ झाला आणि मराठी-गुजरातीत ‘सुतार’. म्हणजे आपल्या सुताराचं नाव करवतीवरून किंवा लाकडावरून पडलेलंच नाही, ते मापाच्या दोरीवरून पडलं. शिवाय ही दोरी अजून त्याच्या तोंडी आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’. ‘चौकट दोन सूत कमी कर’ हे वाक्य आजही कुठल्याही सुतारनेटात ऐकू येतं. गवंड्याचा ‘ओळंबा’ही असाच संस्कृत ‘अवलंब’मधून लोंबत खाली आलेला.

आता गंमत पाहा. ‘स्थपती’वरून ‘स्थापत्य’ झालं आणि हा शब्द मराठीत गेला सिव्हिल इंजिनिअरकडे: स्थापत्य अभियंता. ज्याला खरा स्थपती म्हणायला हवं त्या आर्किटेक्टच्या वाट्याला ‘वास्तू’ आली. तीही निर्वेध नाही, कारण ‘वास्तुतज्ज्ञ’ नावाचे गृहस्थ स्वयंपाकघर आग्नेयेला हलवायला सांगून त्याच दारातून आत येतात. नुसतं ‘वास्तूवाले आलेत’ म्हटलं तर नकाशा घेऊन आलेत की होकायंत्र, हे विचारून घ्यावं लागतं.

‘आर्किटेक्ट’ या इंग्रजी शब्दाला निदान कायद्याचं कुंपण आहे. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ही उपाधी लावता येत नाही. हा कायदा नेमकं काय राखतो, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की तो उपाधी राखतो. इमारतीची रचना करण्याच्या कामाची मक्तेदारी देत नाही. कामाला नाही, शब्दाला संरक्षण! शब्दचर्चा करणाऱ्यांनी पेढे वाटावेत असा निकाल.

क्यूएसला असं कुंपण नाही, कारण त्याचा शब्दच उशिरा घडला. ‘सर्व्हे’ म्हणजे मुळात वरून पाहणं, देखरेख. आपल्या बांधकाम खात्यातला जुना ‘ओव्हरसिअर’ अर्थाने तोच, फक्त इंग्रजी मातीतला. (ग्रीक भाषेत वरून पाहणाऱ्याला ‘एपिस्कोपोस’ म्हणत; त्याचाच इंग्रजीत बिशप झाला आणि गोव्यात बिस्प.) लंडनमधलं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारा ख्रिस्तोफर रेन 1669 पासून ज्या हुद्द्यावर होता तो हुद्दा ‘आर्किटेक्ट’ नव्हता, तो राजाच्या बांधकामांचा ‘सर्व्हेअर’ होता. तिथेही चित्र काढणारा आणि देखरेख करणारा एकच होता. 1666 च्या आगीत लंडन जळालं, कामांचा पूर आला, आणि झालेलं काम मोजून त्याचं मोल ठरवणाऱ्यांचा धंदा तेजीत आला. पुढे एकोणिसाव्या शतकात एकाच कामासाठी अनेक ठेकेदार बोली लावू लागले. प्रत्येकाने तेच नकाशे स्वतंत्रपणे मोजायचे म्हणजे वेळेची नासाडी. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच मोजणारा ठेवायचा आणि त्याचा खर्च वाटून घ्यायचा, अशी रीत पडली. झालेलं काम मोजणारा माणूस असा न झालेलं काम मोजू लागला. आर्किटेक्टांची संस्था 1834 ची, सर्व्हेअरांची 1868 ची. घर फुटलं ते असं.

मराठी मुलखात या घरात फारसी, अरबी, पोर्तुगीज, कानडी, तेलुगू असे पाहुणे येऊन राहिले. आर्किटेक्टचा ‘नकाशा’ आणि दारावरची ‘नक्षी’ एकाच अरबी मुळाच्या. ‘मिस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून, म्हणजे लॅटिन ‘मॅजिस्टर’, उस्ताद. गोव्यात ‘मेस्त’ म्हटलं की सुतार. मराठवाड्यात ठेकेदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात, त्यातला गुत्ता तेलुगू-कानडी. ‘तसूभरही हलला नाही’ म्हणताना आपण गजाचा चोविसावा भाग वापरत असतो, हे आता कुणाच्या ध्यानातही नसतं. आणि इतकं सगळं असून रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीवर कोरलेल्या, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरच्या नावापुढे हुद्दा नाही. सेवेत तत्पर, एवढंच.

यातला सगळ्यात रसाळ शब्द ‘अंदाज’. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे टाकणं, फेकणं. म्हणून ‘तिरंदाज’ आणि ‘गोलंदाज’. त्याच्याच गोतावळ्यातला ‘अंदाजा’ म्हणजे माप. या शब्दाचं जुनं इराणी रूप अरबांनी उचललं आणि त्याचा ‘हंदसा’ केला. अरबीत भूमितीला आणि इंजिनिअरिंगला आजही तोच शब्द आहे, आणि इंजिनिअर म्हणजे ‘मुहंदिस’. त्यामुळे आपण ‘अंदाजपत्रक’ म्हणतो तेव्हा अरबांच्या लेखी सबंध इंजिनिअरिंगच कागदावर मांडत असतो. मराठीत मात्र ‘अंदाज’ म्हणजे अदमास, ‘अंदाजे’ म्हणजे पक्कं नसलेलं. मोजमापाचा शब्द घसरून अटकळीवर आला, आणि अंदाजपत्रकाच्या दीडपट खर्च झाला तरी कुणाला नवल वाटेनासं झालं. दोष त्या शब्दाचा म्हणायचा की आपला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

प्रत्यक्षात क्यूएसच्या कामात अटकळीला जागा फार थोडी. काँक्रीट घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, सळई वजनावर: व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून 162 ने भागलं की मीटरमागे किलो मिळतात. वाळू-खडी अजून ब्रासमध्ये, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. प्लास्टर मोजताना खिडकीचं भोक वजा करायचं का, यावर गवंडी आणि मालक यांची भांडणं कायमची. भारतीय मानक 1200 सांगतं की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक सोडून द्या, त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करा. सरकारी कामावर हे सगळं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त चढतं. तिची पानं आकडे घातलेली, पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर रेघ मारून सही करायची. ‘एमबी भरली का?’ या प्रश्नावर ठेकेदाराचं बिल अडतं किंवा सुटतं.

घरगुती कामांत आपण हा माणूस ठेवत नाही, कारण आपण काम ‘उक्तं’ देतो. सगळं मिळून अमुक लाख, मोजायची कटकट नाही. मग अर्ध्या कामात ‘हे त्यात धरलं नव्हतं’ हे वाक्य येतं आणि उक्त्याचा फुगा फुटतो. काय धरलं आणि काय धरलं नाही, हे आधी लिहून काढणं हाच क्यूएसचा धंदा.

मग त्याला मराठीत म्हणायचं काय? ‘सूत्रग्राही’ सुंदर आहे, पण साइटवर हाक मारून पाहा, कुणी वळून बघणार नाही. ‘मोजणीदार’ भूमी अभिलेखवाल्यांनी घेतला. ‘मापारी’ आणि ‘मापाडी’ बाजार समितीत धान्य मोजत बसलेत. यांतला ‘मापारी’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. आडनाव म्हणूनही तो ओळखीचा आहे आणि उच्चारायला सोपा. तरी खरं सांगायचं तर ‘क्यूएस’ आता जाणार नाही, आणि जावा असा माझा हट्टही नाही. माझी काळजी जुन्या शब्दांची आहे. टेपचा पट्टा आणि लेसर आल्यापासून सूत, तसू, ओळंबा, गुत्ता, उक्तं हे शब्द एकेका मिस्त्रीबरोबर चालले आहेत. तुमच्या भागातले गवंडी, सुतार, पाथरवट मापाला आणि मोजणाऱ्याला काय म्हणतात ते विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून ठेवा.