अकालीं थांबलेला ऋतु

ऋतुप्राप्ति बाराव्या वर्षीं आणि ऋतुनिवृत्ति पन्नासाव्या वर्षीं, अशी मर्यादा सुश्रुतसंहितेंत घातलेली आहे. आजच्या मोजणींतहि निवृत्तीचें वय पन्नाशीच्या आसपासच येतें. परंतु जिचा ऋतु विशी-पंचविशींतच अनियमित होऊं लागला किंवा थांबला, तिला समाजानें आणि वैद्यकानें कसें वागविलें, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. सुशिक्षित कुटुंबांनीं तो जाणून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

या अवस्थेस सुश्रुतानें नष्टार्तव म्हटलें आहे. दोषांनीं मार्ग अडविल्यामुळें आर्तव दिसेनासें होतें, ही त्याची उपपत्ति. आणि मासे, कुळीथ, तीळ, उडीद हा त्याचा पथ्योपचार. ती उपपत्ति आज टिकत नाहीं. तथापि हा देहाचा विकार आहे, एवढी दृष्टि तींत स्वच्छ आहे. घरोघरीं ती राहिली नाहीं. बाजूला बसण्याच्या चालीमुळें सुनेची पाळी साऱ्या घराला ठाऊक असे. कावळा शिवला कीं पोरासोरांनाहि कळे. तो शिवेनासा झाला म्हणजे प्रथम दिवस गेल्याची आशा, मग नवससायास, मग तिच्या पायगुणाची चर्चा, आणि शेवटीं कित्येक घरीं सवत. तिला स्वतःला मात्र त्याविषयीं शब्द काढण्याची सोय नसे.

पश्चिमेकडे शास्त्र पुढें होतें म्हणून तेथील स्त्री सुखी होती, असेंहि समजूं नये. ऋतुनिवृत्तीस ‘मेनोपॉज’ हें नांव 1821 सालीं गार्दान या फ्रेंच वैद्याच्या ग्रंथांतून मिळालें. त्यानंतर पन्नास वर्षांनीं तीच निवृत्ति तरुण स्त्रियांवर शस्त्रानें लादली गेली. 1872 सालीं अमेरिकेंत, जॉर्जिया संस्थानांतील रोम या गांवीं, रॉबर्ट बॅटी या शस्त्रवैद्यानें एका तरुण स्त्रीचे बीजकोश काढून टाकले. त्याच वर्षीं जर्मनींत हेगार आणि इंग्लंडांत लॉसन टेट यांनींहि तशीच शस्त्रक्रिया केली. कृत्रिम ऋतुनिवृत्ति घडवावी, हाच बॅटीचा हेतु होता. काढलेले अवयव पुष्कळदां निरोगीच असत. पाळीच्या वेदना, फेंफरें, उन्माद अशा नांवांखालीं पुढें हजारों स्त्रियांवर हा प्रयोग झाला. बीजकोश शरीरांत काय काय काम करितो, हें त्या वेळीं कोणासच नीट ठाऊक नव्हतें.

तें कळलें मागाहून. 1896 पासून व्हिएन्नांत क्नाउएर यानें सशांवर प्रयोग केले. बीजकोश कापून शरीरांत दुसऱ्या जागीं रोपला, तरी गर्भाशय सुकत नाहीं, असें त्याला आढळलें. अर्थात् त्या अवयवाचें काम रक्तांत मिसळणाऱ्या रसानें चालतें. 1929 सालीं अमेरिकेंत डॉइझी आणि जर्मनींत बुटेनांट यांनीं असा एक रस स्वतंत्रपणें शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. 1935 सालीं शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी लांबे किंवा बंद असे, पण बीजकोश मुळींच आटलेले नव्हते. उलट पुटकुळ्यांनीं मोठे झालेले होते. 1942 सालीं बोस्टनच्या ऑलब्राइट यानें याच्या उलट अवस्था दाखविली. मेंदूखालची ग्रंथि जोराने हांक मारिते, पण बीजकोश उत्तर देत नाहीं. या अवस्थेला त्यानें बीजकोशाचा ‘अपुरेपणा’ म्हटलें.

पाळी चुकणें आणि पाळी संपणें या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या सर्व शोधांचें सार. ऋतुप्राप्तीनंतरचीं पहिलीं दोन-तीन वर्षें अनियमितपणा बहुधा स्वाभाविक असतो. पुढेंहि उपासमार, अतिश्रम, थायरॉइडचा बिघाड अशीं कारणें संभवतात. चाळिशीपूर्वीं ऋतु खरोखर मावळणें शंभरांत सुमारें एकीच्या वाट्यास येतें. अलीकडचे कांहीं अंदाज याहून अधिक आहेत. त्यांतहि बीजकोश मधूनमधून पुन्हा जागा होतो, क्वचित् गर्भहि राहतो. रक्ताच्या तपासणीनें हा भेद कळूं शकतो. आणि वेळींच कळला, तर उणा पडलेला रस औषधरूपानें देऊन हाडें राखतां येतात.

बाजूला बसण्याची चाल पुष्कळ घरांतून गेली. बोलण्याचा संकोच मात्र तिच्याबरोबर गेला नाहीं. पूर्वीं घराला कळे, पण बोलतां येत नसे. आतां कित्येकदां कळतहि नाहीं. तीन-चार महिने पाळी न आलेल्या मुलीला तें घरांत निर्भयपणें सांगतां यावें, आणि ऐकणाऱ्यांनीं तिच्या लग्नाची चिंता करण्याआधीं तिला डॉक्टरकडे न्यावें, एवढें तरी आपण करूं या.