किल्लारीचा धडा आणि आपली गावे

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडील गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. दगड-मातीच्या रुंद भिंती व माळवदावरील मातीचा भार निजलेल्यांवर कोसळला. हजारो जीव गेले.

पुढे शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन हाती घेतले. ५२ गावे नव्या जागी वसली. पक्की घरे, सरळ रस्ते झाले. परंतु कित्येकांचे शेत दूर पडले, भावकीचे वाडे विखुरले, जनावरांना व कडब्याला जागा पुरेना. जी गावे जागीच राहिली, तेथे अनुदान व मार्गदर्शन घेऊन घरधन्यांनी आपली घरे स्वतः मजबूत केली. त्यांचा गावगाडा मोडला नाही.

हिंगोली जिल्ह्यासही हा धडा परका नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

म्हणून भिंतीत आरपार दगड, छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा, माळवदावर मातीचा थर कमी आणि गावात मोकळे मैदान, ही तजवीज आधीच हवी. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गाव एकत्र बसते, वर्गणी गोळा करते, चोख हिशेब ठेवते, श्रमदान करते. हीच एकी घराघराच्या भिंतीसाठी लाभली, तर देवाच्या छायेत गावही निर्धास्त निजेल.