संगमावरच्या वकिलाचे दप्तर

पुण्यात मुळा आणि मुठा जेथे एकमेकींना मिळतात, त्या संगमापाशी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता. शनिवारवाड्यापासून ही जागा सुमारे मैलभर अंतरावर. वकील म्हणजे कोर्टकचेरीतला नव्हे. परराज्याचा जो प्रतिनिधी दरबारी राहतो त्याला त्या काळी वकील म्हणत. १७८६ च्या मार्चमध्ये चार्ल्स वॉर मॅलेट नावाचा इंग्रज गृहस्थ या नात्याने पुण्यात आला आणि १७९७ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, येथे राहिला. या अकरा वर्षांत तो सतत लिहीत होता. कलकत्त्यास गव्हर्नर जनरलला, मुंबईस गव्हर्नरला, हैदराबादच्या आणि शिंद्यांच्या दरबारातील आपल्या जातभाईंना त्याची पत्रे जात. कोण आजारी आहे, कोण कोणाला भेटला, कोणत्या सरदाराची फौज कोठे उतरली, दरबारात कोणाचे पारडे जड झाले, हे सर्व त्या पत्रांत आहे. हा लेखनाचा ढीग म्हणजेच मॅलेटचे दप्तर.

हे दप्तर मराठी अभ्यासकांच्या हाती येण्यास फार काळ लागला. सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई या दोघांनी पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार निवडून छापण्याचे काम अंगावर घेतले, आणि १९३६ पासून त्याचे खंड मुंबई सरकारमार्फत प्रसिद्ध होऊ लागले. त्यांतला दुसरा खंड खास मॅलेटच्या वकिलातीचा. तो सरदेसायांनी संपादिला. त्याआधी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्याच हातून बाहेर पडले होते. मोडी कागदांवरून डोळे काढून हा माणूस इंग्रजी कागदांकडे वळला, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. मॅलेटचे खाजगी कागद निराळे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

त्या खंडाची ओळख प्रथम होते तेव्हा वाचकाला थोडे हसू येते. हरिपंत फडक्यांचे नाव इंग्रजी लेखणीतून असे उतरले आहे की पंत जन्मभर घाईत होते असे वाटावे. बहिरोपंत मेहेंदळे, म्हणजे नाना फडणिसांनी इंग्रजांशी बोलण्यासाठी नेमलेले गृहस्थ, यांचेही नाव ओळखायला क्षणभर थांबावे लागते. पण हसू ओसरले की जाणवते ते या लेखकाचे लक्ष. खंबायतेस दहाएक वर्षे काढलेला, महादजी शिंद्यांची गाठ घेण्यासाठी १७८५ साली सुरतेहून उज्जैन-ग्वाल्हेरमार्गे उत्तरेपर्यंत प्रवास करून आलेला हा माणूस नवखा नव्हता. त्या प्रवासाचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. सालबाईच्या तहापासून इंग्रज आणि पुणे यांच्यामधला दुवा आपणच, अशी महादजींची भूमिका होती. पुण्यात वेगळा इंग्रज वकील बसणे त्यांना रुचणारे नव्हते. म्हणून त्यांची संमती मिळवावी लागली. नानांनाही इंग्रज जवळ आलेले नको होते, पण महादजींचा वरचष्मा त्याहून नको होता. मॅलेट पुण्यात आला तो या दोन नकारांच्या मधल्या फटीतून.

तो आला त्याचे फळ इंग्रजांना लवकरच मिळाले. १७९० च्या जूनमध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा त्रिवर्ग तह झाला. या प्रसंगाचे एक भव्य तैलचित्र टॉमस डॅनिएलने पुढे इंग्लंडात रंगविले. त्यात बाल पेशवा, नाना, दरबारी मंडळी आणि मॅलेट सगळे आहेत. परंतु ज्याच्या रेखाटनांवरून ते चित्र तयार झाले तो जेम्स वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर! चित्रकाराने जे पाहिलेच नाही ते मॅलेटच्या सांगण्यावरून जुळवले गेले असले पाहिजे. आपली कामगिरी पुढच्या लोकांना कशी दिसावी याची काळजी मॅलेटला होती, हे त्याचे कागद वाचताना विसरून चालणार नाही. पत्रे लिहिणारा पगारी नोकर होता. कलकत्त्याचे मत आपल्याविषयी चांगले व्हावे, हा हेतू त्याच्या प्रत्येक ओळीच्या मागे आहे.

त्याच युद्धातील धारवाडच्या वेढ्याचे उदाहरण घ्या. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. वेढा १७९० च्या सप्टेंबरात बसला आणि किल्ला हाती आला १७९१ च्या एप्रिलमध्ये. इतका वेळ का लागला? इंग्रज लेखकांचा सूर असा की मराठे दिरंगाई करीत होते, त्यांचा तोफखाना निकामी होता. पण कर्नल फ्रेडरिकने मुंबईहून येऊन फेब्रुवारीत जो हल्ला चढविला तोही फसला, त्याचा दारूगोळा अपुरा पडला, आणि तो बिचारा वेढा चालू असतानाच मरण पावला. म्हणजे इंग्रजांच्याच हकिकतीत इंग्रजांच्या तक्रारीचे उत्तर पडलेले आहे. ते उचलणारा वाचक मात्र हवा. दुसरी बाजू पाहायची तर मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातून छापलेला ऐतिहासिक लेखसंग्रह शेजारी उघडून ठेवावा. एका हाती मॅलेट आणि दुसऱ्या हाती खरे, असे वाचल्याखेरीज त्या मोहिमेचा निवाडा करू नये, असे माझे मत आहे.

सवाई माधवरावांच्या मृत्यूचा प्रश्न याहून अवघड, आणि मराठी मनाला अधिक जवळचा. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. राज्याचा तो मोठा विजय. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला दसऱ्याच्या सोहळ्यात पेशवा फौजेत आणि दरबारात दिसला. २५ तारखेला तो वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंजावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. वय अवघे एकवीस. ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात लिहिले की नानांच्या जाचाला कंटाळून पेशव्याने जाणूनबुजून उडी टाकली. ही हकिकत मराठी वाचकांच्या मनात घर करून बसली; खाडिलकरांनी तर याच विषयावर नाटक लिहिले, आणि रंगभूमीने जे ठसविले ते पुसणे इतिहासकाराला सोपे जात नाही. मॅलेटची पत्रे संपादिणारे सरदेसाई मात्र आत्महत्येचा पक्ष मान्य करीत नाहीत. ज्वराच्या भ्रमात तोल जाऊन हा घात झाला, असा त्यांचा निर्णय.

यात कोणाचे ऐकावे? वाड्याच्या आतल्या चौकात मॅलेटही नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचले ते दरबाराने सांगितलेले किंवा बातमीदारांनी आणलेले. दरबाराला आजाराची गोष्ट सोयीची होती, हेही खरे. नानांवर ठपका येऊ नये असे वाटणारी माणसे तेथे होती, आणि यावा असे वाटणारी कमी नव्हती. तथापि मॅलेट त्याच आठवड्यात लिहीत होता, डफ तीस वर्षांनी लिहीत होता. आणि मधल्या तीस वर्षांत बाजीरावाची कारकीर्द होऊन गेली होती, जिच्यात नानांची निंदा करणे हा अनेकांचा उदरनिर्वाह होता. मी सरदेसायांच्या बाजूने झुकतो, पण पैज लावणार नाही.

दप्तरात जे नाही तेही सांगितले पाहिजे. वेल्सने अंबरकौर नावाच्या एका हिंदी स्त्रीचे चित्र काढले आहे. ही मॅलेटची पुण्यातील सहचारिणी, त्याच्या मुलांची आई. सरकारी पत्रांत तिला जागा नव्हती. १७९८ साली मॅलेट हिंदुस्थान सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी विलायतेत त्याने वेल्सच्या मुलीशी विवाह केला. दुसरा माणूस गंगाराम तांबट. मॅलेटच्या पदरी राहून त्याने वेरूळची लेणी रेखाटली, आणि पर्वतीच्या बाजूला पेशव्यांनी पाळलेल्या जनावरांतला गेंडाही. मॅलेटने वेरूळवर लिहिलेला निबंध एशियाटिक रिसर्चेसमध्ये छापून आला. गंगारामाची चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पडली. शनिवारवाड्याचे वैभव शब्दांनी वर्णन करणारे पुष्कळ. पेशव्यांचा गेंडा कसा उभा राहत असे, हे मात्र एका तांबटाने सांगितले.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, नानांनी काय केले? त्यांचे हेरखाते मॅलेटच्या तोडीस तोड, कदाचित वरचढ होते. लाला सेवकराम हा त्यांचा वकील कलकत्त्याहून इंग्रजांच्या बातम्या पाठवीत असे. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातील नानांचे दप्तर द. ब. पारसनीसांनी उजेडात आणले नसते, तर हे आपल्याला इतके कळलेही नसते. उणीव माहितीची नव्हती. मॅलेट गेला, काही काळाने पामर आला. तो त्याच बंगल्यात बसला, मागच्या पत्रांच्या वह्या त्याने उघडल्या आणि पुढचे पान लिहू लागला. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसून तीच वही पुढे लिहिणारा कोणी नव्हता. मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम नानांबरोबर गेला, असे त्या वेळी पामरनेच कळविले आहे. शोक करणारा माणूस इंग्रज होता, आणि त्याची वहीही.

संगमावरचा तो बंगला ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या सैन्याने जाळला. तेव्हाचा वकील एल्फिन्स्टन हा विद्याव्यासंगी पुरुष. त्याची पुस्तके आणि टिपणे त्या आगीत गेली. मॅलेटच्या पत्रांच्या प्रती केव्हाच कलकत्त्याला आणि तेथून लंडनला पोहोचल्या होत्या.