यंत्रावरणाचे पुनरुपयोजन

जुन्या यंत्राचे कवच व सांगाडा कायम राखून पोटातील यंत्रणा तेवढी कालमानानुसार बदलण्याची कारागिरी. हौशी मंडळींत ती संगणकाच्या बाबतीत विशेष रूढ आहे. इंटेलने १९९५ साली पुढे आणलेले एटीएक्स हे माप पुढे सर्वमान्य झाल्यामुळे तत्कालीन, आता पिवळट पडलेल्या कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्ड बहुधा जुन्याच भोकांवर बसतो. अडचण येते ती उष्णतेची, आणि मग पंख्याला जागा करण्यासाठी पत्रा कापावा लागतो. कापणाऱ्यास बहुधा विसर पडतो तो असा की, हा पत्रा केवळ धूळ अडविण्यासाठी नसून आतील मंडलांचा रेडिओ-कलकलाट बाहेर जाऊ नये यासाठीही असतो.

या कारागिरीचा सर्वांत भव्य नमुना, आमच्या मते, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे पाहावयास मिळतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यक्षेत्रात असून उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. ताणलेल्या दोरखंडांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेची जाळी बसविल्यामुळे वारा आरपार जातो आणि एवढी मोठी तबकडीही हलकी व स्वस्त पडते. हाच सांगाडा २०१० च्या दशकातील नूतनीकरणात जसाच्या तसा राहिला.

बदलले ते अंतरंग. तबकडीच्या नाभीशी फिरणाऱ्या चौकोनी ठोकळ्याच्या चार बाजूंवर पूर्वी ठरावीक अरुंद पट्ट्यांचे ग्राहक होते. त्याच चार बाजूंवर आता १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधील बहुतांश भाग व्यापणारे नवे ग्राहक आले. ३२ मेगाहर्ट्झची कार्यपट्टी ४०० मेगाहर्ट्झवर गेली, आणि हा वाढीव ओघ पेलण्यास चित्रखेळांसाठी घडविलेली ग्राफिक्स कार्डेच कामास लागली. विशेष म्हणजे नांदत्या वाड्याची दुरुस्ती करावी तद्वत, जुनी यंत्रणा चालू ठेवून तिच्या शेजारीच नवी मांडण्यात आली, व निरीक्षणांत फारसा खंड पडू दिला नाही.

येथे पेटीचा मूळ प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, किंबहुना उलटा होऊन. आकाशातील अतिक्षीण लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीस सर्वांत जवळचा उपद्रव तिच्याच गणकयंत्रांचा; म्हणून ती धातूने मढविलेल्या बंदिस्त दालनात ठेवावी लागतात. डोंगरांच्या आडोशामुळे व विरळ वस्तीमुळे निवडलेल्या या मुलखात आता मोबाइलचा संचार वाढला आहे. तेव्हा खोडदला जाणाऱ्याने आवाराच्या फाटकापाशीच आपला फोन बंद करावा.